स्टेफनी शर्ली यांचे शिक्षणदान: एका शाळेवर एवढा भर का?

केतकी: डेम स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ ही सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि पुढे कोट्यवधी पौंड दान केले. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटला त्यांनी दिलेली देणगी मला समजते, कारण संगणक हेच त्यांचे क्षेत्र होते. परंतु बर्कशायरमधील प्रायर्स कोर्ट या ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांच्या निवासी शाळेत एवढा पैसा घालण्यापेक्षा तोच अनेक सामान्य शाळांना विभागून दिला असता, तर कितीतरी अधिक मुलांचे भले झाले नसते का?

निरंजन: केवळ मुलांची संख्या मोजली तर आपला मुद्दा बिनतोड वाटतो. मात्र इंग्लंडमध्ये तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना ‘शिकवण्यास अयोग्य’ ठरवून शिक्षणव्यवस्थेबाहेर ठेवण्याची कायदेशीर मुभा १९७० च्या कायद्याने काढून घेतली, तोपर्यंत शर्ली यांचा ऑटिस्टिक मुलगा जाइल्स सात वर्षांचा झाला होता. बोलू लागलेले हे मूल अडीच वर्षांचे असताना त्याची वाचा गेली आणि पुढे त्याला अनेक वर्षे रुग्णालयात काढावी लागली. १९९८ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी तो वारला. शाळा सुरू झाली ती त्यानंतरच्या वर्षी. म्हणजे ही शाळा त्याच्या उपयोगाची कधीच नव्हती, ही गोष्ट ‘आईने आपल्या मुलासाठी केले’ असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

अश्विनी द.: निरंजन यांच्याशी मी सहमत आहे, पण अर्धवटच. अशा शाळेत बहुतेक विद्यार्थ्यांचे शुल्क स्थानिक प्रशासन भरते, त्यामुळे दात्याने इमारत उभी केली तरी रोजच्या खर्चाचा भार सार्वजनिक तिजोरीवरच येतो. एकेका मुलामागे जवळजवळ एक कर्मचारी लागत असेल, तर हा भार लहान नव्हे. शाळा नसती तर हा खर्च वाचला असता असे मात्र नाही. तो रुग्णालयांवर झाला असता आणि मुलांच्या पदरात शिक्षण पडले नसते.

माधव: त्यांच्या कंपनीकडे पाहिले तर याचे उत्तर अधिक स्पष्ट होते, असे मला वाटते. मूल झाल्यावर नोकरी सुटलेल्या प्रोग्रामर स्त्रियांना त्यांनी घरून काम दिले आणि ग्राहकांना कामाची ठरावीक किंमत सांगितली, म्हणजे कोण किती तास आणि कुठे बसून काम करते हा प्रश्नच उद्भवू नये. ग्राहकांना पाठवलेल्या पत्रांना उत्तर येईना, तेव्हा त्या ‘स्टीव्ह’ या पुरुषी नावाने सही करू लागल्या. त्याआधी, ऑस्वेस्ट्रीतील मुलींच्या शाळेत पुरेसे गणित शिकवत नसल्याने त्यांना गणितासाठी मुलांच्या शाळेत जावे लागले होते, आणि पदवी त्यांनी नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांतून मिळवली. चालू व्यवस्थेत ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी निराळी व्यवस्था उभी करायची, ही त्यांची जुनीच रीत होती. केतकी म्हणतात तसे पैसे विभागून दिले असते, तर ते ज्यांना आधीच प्रवेश मिळालेला होता त्यांच्याकडेच गेले असते.

केतकी: कायद्याचा संदर्भ मला ठाऊक नव्हता, तो ध्यानात घेता माझा मूळ आक्षेप बराच सौम्य होतो. मात्र दात्याच्या पश्चात अशी शाळा कशी टिकते, हा प्रश्न उरतोच.

माधव: कंपनीतील आपले समभाग कर्मचाऱ्यांच्या हाती देताना त्यांनी मालकी सोडण्याची तयारी वर्षानुवर्षे केली होती, आणि त्यातून सुमारे सत्तर कर्मचारी दशलक्षाधीश झाले. शाळाही स्वतंत्र धर्मादाय संस्था म्हणून चालते, त्यामुळे ती एका व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून राहिली नाही. शर्ली यांचे ऑगस्ट २०२५ मध्ये निधन झाले, तेव्हा शाळा सुरू होऊन पंचवीस वर्षे उलटली होती.