कौलारू घराची पन्हळ सांध्यातून गळते. उपाय काय करावा?

प्रश्न (चिपळूण): आमच्या कौलारू घराला जस्ताच्या पत्र्याची जुनी पन्हळ आहे. गेल्या पावसाळ्यात दोन सांध्यांतून पाणी भिंतीवर उतरून आतल्या बाजूस ओल आली. सांधे पुन्हा बुजवावेत की पीव्हीसीची पन्हळ बसवावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: आधी गळतीचे कारण शोधावे. पन्हळीत बादलीभर पाणी ओतून पाहा. ते उभ्या पाइपाकडे न जाता मध्येच साचत असेल, तर दोष केवळ सांध्याचा नसून एखादा ब्रॅकेट खाली बसलेला असतो. दर ३ मीटरला साधारण १० मिलिमीटर उतार पुरतो. गंज वरवरचा असल्यास तारेच्या ब्रशने घासून, पत्रा पूर्ण कोरडा करून न्यूट्रल सिलिकॉन भरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन जस्ताचा थर खाते, दुकानदार काहीही सांगो. खिळ्याने टोचताच भोक पडत असेल, तर मात्र डागडुजीवर पैसे घालवू नयेत.

उत्तर २: पीव्हीसी गंजत नाही, पण उन्हाने प्रसरण पावते. ६ मीटरची लांबी २५ अंशांच्या फरकाने सुमारे १ सेंटिमीटर बदलते. म्हणून रबरी गॅस्केटचे सांधे घ्यावेत, ते सोल्युशनने चिकटवू नयेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आंब्याचा पाला अडकतो, त्यासाठी जाळी लावावी का?

उत्तर १: पाइपाच्या तोंडाशी अवश्य लावावी, तरीही मृगाआधी आणि श्रावणात पन्हळ हाताने साफ करावीच लागते. शिडी पन्हळीला टेकवू नये.