पेअर होत नाही? आधी घरातला दुसरा फोन बघा

सोसायटीचा ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे पश्चिम. रविवार सकाळ.

बी-६०२: नमस्कार मंडळी. मुलीचे जुने हेडफोन, ते मोठे कानावर बसणारे, माझ्या फोनला जोडायचे आहेत. फोनचं ब्लूटूथ चालू, हेडफोन चालू, निळा दिवाही लुकलुकतोय. पण यादीत नावच येत नाही. काय करावं?

सी-१०३: काका, बंद करून परत चालू करा.

बी-६०२: चार वेळा करून झालं.

ए-११०४: काका, चाळीस वेळा केलंत तरी तेच होणार. मुलगी आत्ता घरात आहे का? तिच्या फोनचं ब्लूटूथ चालू आहे का?

बी-६०२: आतल्या खोलीत झोपली आहे. फोन उशाशी.

ए-११०४: मग हेडफोन तिच्या फोनलाच जाऊन चिकटतायत. हेडफोन नुसते चालू केले की ते आधी जुनी ओळख शोधतात. शेवटी ज्या फोनला जोडले होते तो १० मीटरच्या आसपास सापडला तर गुपचूप त्याला जोडले जातात आणि नव्या फोनला दिसतच नाहीत. ‘चालू’ आणि ‘पेअरिंग मोड’ (नव्या फोनशी ओळख करून घ्यायला तयार) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सगळा घोळ तिथेच होतो. असं करा:

आधी मुलीच्या फोनचं ब्लूटूथ बंद. तिला उठवायची गरज नाही, स्क्रीनवर वरून बोट खाली ओढून होतं.
मग हेडफोन पूर्ण बंद.
बंद असतानाच पॉवरचं बटण दाबून धरा. साधारण ७ सेकंद. मध्ये ‘पॉवर ऑन’ असं कानात ऐकू येईल, तिथे बोट उचलू नका. बहुतेक लोक नेमके तिथेच सोडतात. ‘पेअरिंग’ ऐकू येईपर्यंत किंवा दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून ठेवा. काही कंपन्यांचा दिवा लाल-निळा आलटून पालटून लागतो.
मग फोनमध्ये सेटिंग्ज, कनेक्टेड डिव्हाइसेस, ‘पेअर न्यू डिव्हाइस’.

हा मोड दोन ते पाच मिनिटांत आपोआप बंद होतो. तेव्हा आधी फोनवर ती स्क्रीन उघडून ठेवा आणि मग बटण दाबा.

ए-२०१: भर घालतो. एकाच नावाच्या दोन ओळी दिसल्या आणि एकीच्या आधी ‘एलई’ असेल, तर ती सोडून दुसरी निवडा. जुन्या हेडसेटने पिन मागितला तर चार शून्यं. आणि यादीत भलतंच काही दिसलं तर त्यावर बोट नको. स्वस्तातले साउंडबार पेअरिंगला कायम उघडे असतात. गेल्या महिन्यात डी विंगमधल्या कुणाच्या तरी टीव्हीवर अचानक हनुमान चालिसा सुरू झाला होता, त्याचं मूळ हेच.

डी-४०४: तो आमचाच टीव्ही. कोण होतं ते अजून कळलेलं नाही.

अॅडमिन: सूचना. उद्या टाकीची सफाई, सकाळी १० ते १ पाणी बंद. कृपया भरून ठेवावे.

बी-६०२: नाव दिसलं! दाबलं तर ‘कनेक्ट होऊ शकत नाही, पिन किंवा पासकी चुकीची’ म्हणतोय. पिन तर मागितलाच नाही.

ए-११०४: हे हेडफोन तुमच्या फोनला आधी कधी जोडले होते का?

बी-६०२: हो, दिवाळीत एकदा.

ए-११०४: मग कारण सापडलं. पेअरिंग म्हणजे दोघं मिळून एक किल्ली बनवतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. हेडफोनच्या आठवणीत जागा कमी, बऱ्याच मॉडेलमध्ये ८ उपकरणांची. नववं आलं की सर्वात जुनं पुसलं जातं. कधी कुणी हेडफोन रिसेट केलेले असतात. हेडफोनकडची किल्ली गेली, तुमच्या फोनकडे जुनी तशीच राहिली. कुलूप बदललं पण किल्ली जुनीच लावतोय, असं. पिनचा संबंध नाही, मेसेजच तसा लिहिलेला आहे. फोनच्या यादीत त्या नावाशेजारचं चाकासारखं चिन्ह दाबा, ‘फरगेट’ करा, मग पुन्हा पेअरिंग मोडपासून सुरू. आयफोनवाल्यांनी नावाशेजारचा ‘आय’ दाबून ‘फरगेट धिस डिव्हाइस’.

सी-७०५: दादा, मी घणसोलीला ऑफिसला जाते. माझे इअरबड्स घरी मस्त चालतात, ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरवर पोचले की तुटक तुटक आवाज. बड्स बदलायची वेळ आली का?

ए-२०१: नाही, ताई. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ. त्यात १ मेगाहर्ट्झच्या ७९ वाटा असतात आणि सिग्नल सेकंदाला १६०० वेळा एका वाटेवरून दुसरीवर उडी मारतो. एखादी वाट गजबजलेली दिसली तर ती टाळतो. घरी हे पुरतं. ट्रान्सहार्बर लोकलच्या त्याच फलाटावर सकाळी नऊला दीड-दोन हातांच्या अंतरात दहा जणांचे बड्स, घड्याळं, हॉटस्पॉट. टाळायला वाट उरतच नाही.

वर आणखी एक गोष्ट. हा सिग्नल पाणी शोषून घेतं आणि माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. फोन मागच्या खिशात किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये असेल तर सिग्नलला तुमच्याच अंगातून पार व्हावं लागतं. फोन पुढच्या खिशात किंवा हातात घेऊन बघा, अर्धा त्रास तिथेच जातो.

सी-७०५: बड्सच्या अॅपमध्ये ‘साउंड क्वालिटी’ आणि ‘कनेक्शन’ असे दोन पर्याय आहेत. क्वालिटीवर ठेवलंय.

ए-२०१: मग तेच. एलडॅक असेल ना, चांगल्या दर्जाचा आवाज पाठवायची ती पद्धत? तो ९९०, ६६० किंवा ३३० किलोबिट दर सेकंदाला पाठवतो. क्वालिटीवर ठेवलं की ९९० चा हट्ट धरतो. प्रवासात कनेक्शनवर टाका. लोकलच्या खडखडाटात फरक ऐकू येणार नाही, उगाच मनाला लावून घेऊ नका. घरी आल्यावर परत क्वालिटीवर.

बी-९०१: आमच्याकडे फक्त स्वयंपाकघरात तुटतो. बाकी घरात ठीक.

ए-२०१: मायक्रोवेव्ह चालू असताना? तो २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे बरोबर त्याच पट्ट्यात. दाराच्या फटीतून थोडं बाहेर येतं, ते मर्यादेतच असतं, पण ब्लूटूथची ताकद इतकी कमी की तेवढंही पुरतं. दूध गरम होईतो दीड मिनिट थांबा, दुसरा उपाय नाही. मायक्रोवेव्ह बंद असतानाही होत असेल तर राउटर बघा. फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा, म्हणजे २.४ ची वाट मोकळी होते.

सी-७०५: अजून एक. गाणी छान ऐकू येतात, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम डबड्यातून आल्यासारखा. आयटीवाले म्हणतात हेडसेट खराब.

ए-११०४: हेडसेट ठणठणीत आहे. गाणी ज्या पद्धतीने जातात ती एकाच दिशेची: फोनकडून कानाकडे. माइक लागला की ब्लूटूथला दोन्ही दिशांची वेगळी पद्धत धरावी लागते, हँड्सफ्री. तिच्यात आवाजाचे नमुने गाण्यांपेक्षा कमी, सेकंदाला १६ हजार, जुन्या पद्धतीत फक्त ८ हजार. जुन्या लँडलाइनइतकेच. म्हणून डबडं. उपाय सोपा: मीटिंगच्या अॅपमध्ये स्पीकर म्हणून बड्स आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. विंडोजमध्ये एकाच बड्सची ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्सफ्री’ अशी दोन नावं दिसली तर स्पीकरला स्टिरिओवालं. समोरच्याला पंख्याचा आवाज जाईल, तेवढा पंखा कमी करा.

बी-३०१: माझ्या डाव्या बडमधून आवाजच नाही. दोन्ही चार्ज दाखवतात. वॉरंटी संपली. फेकू?

ए-११०४: थांबा, आधी दोन मिनिटांचं काम. फोनच्या सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी, त्यात ऑडिओ. तिथे डावी-उजवी अशी एक पट्टी असते. ती पूर्ण उजवीकडे सरकली आहे का बघा. घरात लहान मूल असेल तर आधी तिथेच शंका घ्या.

बी-३०१: पट्टी मधोमध आहे.

ए-११०४: मग बड दिव्यासमोर धरून जाळी बघा. मळाने बुजलेली जाळी चमकत नाही, पिवळसर मेणासारखी दिसते. जाळी जमिनीकडे करून कोरड्या मऊ टूथब्रशने झाडा, म्हणजे निघालेला मळ खाली पडेल, आत जाणार नाही. टाचणी अजिबात नाही, जाळी फाटते. मग चार्जिंगच्या डबीतल्या सोनेरी टोकांवर कोरडा कापसाचा बोळा. हिरवट थर असेल तर त्यावर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाला लावून, थेट ओतून नाही. पावसाळ्यात इथली दमट हवा आणि घाम दोन्ही त्या टोकांवर बसतात. बड्सवर आयपीएक्स४ (पाण्याचे शिंतोडे सोसतात) लिहिलेलं असलं तरी ते बहुतेकदा बड्सपुरतं, डबीला नाही. ओले बड्स तसेच डबीत टाकायचे नाहीत.

हे करून दोन्ही बड्स डबीत ठेवा, झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा, मग काढा. बड्सची एकमेकांशी तुटलेली ओळख बहुतेकदा अशीच परत जुळते.

ए-२०१: नाहीच जमलं तर रिसेट. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, खोक्यातला कागद बघा. मागे बटण असलेल्या एअरपॉड्सच्या डबीचं सांगतो: आधी फोनमधून फरगेट, मग झाकण उघडं ठेवून मागचं बटण साधारण १५ सेकंद, दिवा आधी नारिंगी होतो, मग पांढरा. पांढरा झाल्याशिवाय सोडू नका.

ई-५०२: आमचे कालच आले, कोरे करकरीत. उजवा चार्जच होत नाही.

ए-११०४: बडच्या चार्जिंग टोकांवर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा आहे का बघा. नखाने खरवडून बघा, डोळ्याला दिसत नाही.

ई-५०२: होता! दोन्हीवर होता. डाव्याचा आपोआप निघाला असणार.

डी-२०६: माझा नेकबँड, गळ्यात घालायचे हेडफोन, लॅपटॉपच्या चार्जरवर चार्ज होत नाही. जुन्या मोबाइल चार्जरवर होतो. असं कसं?

ए-२०१: लॅपटॉपच्या नव्या चार्जरला दोन्हीकडे यूएसबी-सी टोक असतं. असा चार्जर समोर कुणी आहे याची खात्री झाल्याशिवाय वीज सोडत नाही. ती खात्री पटवायला उपकरणात ५.१ किलोओहमचे दोन छोटे रोध लागतात. स्वस्त नेकबँडमध्ये तेवढेही घालत नाहीत. जुन्या चौकोनी टोकाच्या चार्जरला असली चौकशी नसते, तो सरळ ५ व्होल्ट देतो. तेव्हा चौकोनी-ते-सी केबल वापरा. आणि चार्जिंगला लावलेला असताना नेकबँड जोडला जात नाही म्हणून तक्रार करू नका, बरेचसे तेव्हा ब्लूटूथ मुद्दाम बंद ठेवतात.

सी-१०३: ते ‘नेटवर्क रिसेट’ पण करतात ना लोक? यूट्यूबवर तेच सांगतात.

ए-११०४: करतात, आणि मग घरातल्या वायफायचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. त्याने सगळे साठवलेले वायफाय पुसले जातात आणि सगळी ब्लूटूथ पेअरिंग. ते सर्वात शेवटी. त्याआधी तेच हेडफोन दुसऱ्या फोनला जोडून बघा. तिथे चालले तर दोष फोनमध्ये, नाही चालले तर हेडफोनमध्ये. एवढं न करता फोन रिसेट करणं म्हणजे दुखणं गुडघ्याचं आणि चष्मा बदलायचा.

बी-६०२: झालं! फरगेट केलं, सात सेकंद दाबून धरलं, जोडलं गेलं. पण फोन आला तर हेडफोनमध्ये, आणि गाणं मात्र फोनमधूनच वाजतंय.

ए-११०४: त्याच चाकाच्या चिन्हात जा. ‘कॉल्स’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ अशी दोन बटणं दिसतील. मीडियाचं बंद असणार.

बी-६०२: बंद होतं. चालू केलं. आता ठीक. रोज हे एवढं सगळं करावं लागेल का?

ए-११०४: नाही. उद्यापासून नुसतं चालू केलं की जोडले जातील. पण मुलीने तिच्या फोनचं ब्लूटूथ लावलं की पुन्हा तिच्याकडे पळायची शक्यता आहे. तिच्या फोनमधून ते कायमचे फरगेट करून टाका.

बी-६०२: ती उठली की विचारतो. हेडफोन तिचे आहेत.