एका दिवसात 70 टक्के विसर पडतो, हे खरे आहे का?

ओटीवरून:
मुलगी यंदा बारावीला असल्यामुळे मागच्या आठवड्यात एका क्लासच्या पालकसभेला गेलो होतो. तेथे पडद्यावर उतरती वक्ररेषा दाखवून सांगण्यात आले की, माणूस वाचलेल्यापैकी 70 टक्के भाग 24 तासांत विसरतो, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने सिद्ध केले आहे, आणि म्हणून उजळणीचा स्वतंत्र (अर्थातच वेगळ्या शुल्काचा) वर्ग लावावा. माझे वडील 81 वर्षांचे आहेत. सकाळी चष्मा कुठे ठेवला हे त्यांना दुपारी आठवत नाही, पण पावकी, निमकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे ते आजही न अडखळता म्हणतात. मग ही वक्ररेषा नेमके काय सांगते?

जुनी पाटी:
एबिंगहाउस यांचा ग्रंथ 1885 सालचा असून त्यातील प्रयोगांत प्रयोगकर्ता आणि प्रयोगाचा विषय ते स्वतःच होते. पूर्वज्ञानाचा आधार मिळू नये म्हणून त्यांनी दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घातलेले सुमारे 2300 अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या बिनचूक म्हणता येईपर्यंत पाठ केल्या आणि ठरावीक काळानंतर तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, हे मोजले. वाचलेला हा वेळ म्हणजे 'बचत'. ती 20 मिनिटांनी सुमारे 58 टक्के, एका दिवसाने 34 टक्के आणि 31 दिवसांनी 21 टक्के भरली. आपल्या क्लासने 34 चा उरलेला भाग, म्हणजे 66, ढोबळपणे 70 धरून त्याला 'विसर' म्हटले आहे, आणि गोंधळ तेथेच आहे. एकही अक्षरगट आपणहून आठवत नसला, तरी यादी पुन्हा पाठ करताना बचत दिसू शकते. म्हणजे ही पद्धत जे ओठांवर येत नाही पण आत शिल्लक असते, तेही मोजते. शिवाय अर्थ आणि छंद असलेल्या मजकुराला हे आकडे लावता येत नाहीत. इंग्रज कवी बायरनच्या काव्याची कडवी पाठ करायला निरर्थक अक्षरगटांच्या मानाने जेमतेम एक दशांश कष्ट पडले, असे त्यांनीच नोंदवले आहे. बारावीचे जीवशास्त्र कितीही कंटाळवाणे वाटले, तरी ते निरर्थक नाही.

परदेशस्थ:
आपल्या वडिलांच्या पाढ्यांशी जवळचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ हॅरी बाह्रिक यांचा आहे. शाळा-महाविद्यालयात स्पॅनिश शिकलेल्या 733 जणांची त्यांनी चाचणी घेतली. काहींचे शिक्षण संपून 50 वर्षे झाली होती. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या तीन ते सहा वर्षांत घसरण दिसली, पण त्यानंतर उरलेले ज्ञान जवळजवळ 30 वर्षे तसेच टिकलेले आढळले. कोणाचे किती उरेल, हे मुख्यतः मूळ शिक्षण किती पक्के झाले होते यावर ठरत होते. पाढे वर्षानुवर्षे, तालात आणि रोज म्हटले जात. चष्मा मात्र रोज नव्या जागी ठेवला जातो, आणि बहुधा ती जागा मनात मुळी नोंदलीच जात नाही.

ओटीवरून:
आभारी आहे. मग मुलीने उजळणी करायची तरी कशी?

जुनी पाटी:
उजळणी हवीच, पण ती केवळ पुन्हा वाचण्याची नको. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 सालच्या प्रयोगात एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला, तर दुसऱ्याने एका सत्रात वाचून नंतर तीन वेळा तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 विरुद्ध 71 टक्के. आठवड्याने मात्र त्यांच्याजवळ 40 टक्के उरले आणि लिहिणाऱ्यांजवळ 61. त्यातही आपल्याला हे चांगले लक्षात राहील, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक वाटत होती. तेव्हा मुलगी 'सगळे येते' म्हणाली, तर आधी पुस्तक मिटायला सांगून कोरा कागद पुढे ठेवावा.