सर्दी-पडशाचे घरचे उपाय, मापासकट (अनुभव धागा)

ऊसतोड जोरात, पहाटे कृष्णेवर धुकं आणि दुपारी चटके देणारं ऊन, म्हणजे घरोघरी नाकं वाहायचे दिवस. काढा घ्या, वाफ घ्या, हळद-दूध प्या, हे सगळ्यांना पाठ आहे. पण किती, केव्हा आणि बिघडतं कुठे, हे कुणी धड सांगत नाही. म्हणून हा धागा. सातारा-सांगलीकडच्या मंडळींनी ज्याला जे हातखंडा जमतं ते लिहावं. दोन अटी आहेत. माप द्यायचं, आणि 'एका रात्रीत सर्दी पळाली' छाप किस्से नकोत. साध्या सर्दीमागे दोनशेहून जास्त विषाणू आहेत. तिचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो आणि सात ते दहा दिवसांत ती आपली आपण जाते. सहाव्या दिवशी काहीही घेतलं तरी गुण येणारच! मधल्या दिवसांत नाक, घसा आणि झोप कशी सांभाळायची, तेवढंच लिहूया.

चमचा म्हणजे चहाचा, सपाट, ५ मिलीचा. कप २०० मिलीचा.

कोरेगावचं आलं

आल्यापासून सुरुवात करतो, कारण आमच्याकडे त्याला तोटा नाही. दोन माणसांच्या काढ्याला तीन कप पाणी, अंगठ्याच्या दोन पेरांएवढं आलं (साधारण १५ ग्रॅम), चार मिरी, एक लवंग. आलं ठेचून गार पाण्यातच टाका. उकळी आली की गॅस बारीक करून झाकण ठेवा आणि दहा मिनिटं उकळू द्या. झाकण विसरू नका, वास देणारं तेल वाफेबरोबर उडून जातं आणि खाली नुसतं तिखट पाणी उरतं. आठ-दहा तुळशीची पानं आणि गवती चहाच्या दोन पाती गॅस बंद केल्यावर टाकायच्या, पाच मिनिटं मुरू द्यायच्या, मग गाळायचं. गूळ कपात.

नवं आलं पातळ सालीचं, रसाळ, पण सौम्य असतं. जुन्याला धागे जास्त आणि झणकाही जास्त, तेव्हा ते दहाच ग्रॅम पुरे. सुंठ वापरत असाल तर पाव चमचा पूड. वाळताना आल्यातला तिखटपणा बदलतो आणि वाढतो, त्यामुळे आल्याएवढी सुंठ कधी घालू नका.

हमखास होणारी चूक म्हणजे सकाळचा काढा गॅसवर ठेवून दिवसभर पुन्हा पुन्हा उकळणं. मिरी-लवंगेचा अर्क उतरतच राहतो. संध्याकाळी घसा शेकायच्या ऐवजी छातीत जळजळ, आणि दोष सर्दीला. गाळून थर्मासमध्ये भरा. दिवसाला दोन कप बास. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आलं-हळद जेवणातल्याइतकंच ठेवा, काढे नकोत.

खणआळी

चहात आलं टाकलं की दूध फाटतं. दूधवाल्याशी दर हिवाळ्यात भांडण.

कोरेगावचं आलं

दूधवाल्याला सोडा वहिनी! कच्च्या आल्यात दूध फाडणारं एक द्रव्य असतं, ते उकळीत निकामी होतं. आलं आधी पाण्यात तीन-चार मिनिटं खळाखळा उकळा, मग दूध. कोमट दुधात किसलेलं आलं घातलंत तर दूध फाटणारच.

गणपती पेठ, सांगली

हळदीचं मी सांगते. एक कप दुधाला पाव चमचा हळद. अर्धा चमचा, एक चमचा असली मापं वाचते तेव्हा कपाळाला हात लावते. घोट घशाखाली उतरत नाही आणि तळाशी चिखल बसतो. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धा चमचा तूप कोमट करा, हळद टाकून दहा सेकंद हलवा, लगेच दूध ओता. हळदीतला पिवळा घटक पाण्यात फारसा विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो, म्हणून तूप. हळद तपकिरी झाली तर टाकून द्या, कडूजार लागते. दूध मंद गॅसवर चार-पाच मिनिटं, दोन मिऱ्यांची भरड, गॅस बंद, मग गूळ. उकळत्या दुधात गूळ टाकला की चोथा-पाणी.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांची (हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांची) कीर्ती तर त्याच्या कितीतरी आधीची. पण तेवढ्या नावावर 'सांगली हळद' लिहिलेली कुठलीही पुडी उचलू नका. हळकुंडं घ्या आणि एक मोडून बघा. चांगलं हळकुंड टणक असतं, कट्कन मोडतं आणि आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद, केशरीकडे झुकणारा असतो. बाहेरून झगझगीत पिवळं, बोटांना रंग सोडणारं आणि आत फिकट, असं असेल तर ठेवून द्या. रंग चढवायला वापरतात त्या भेसळीत शिसं असू शकतं, आणि ते लेकरांच्या पोटात जायला नको.

सर्दीत दूध प्यायलं की कफ वाढतो असं बरेच जण म्हणतात. दूध कफ तयार करत नाही. घशात थोडं दाट लागतं, त्यामुळे तसं वाटतं. नको वाटत असेल तर हळद वरणात घाला, वर तूप आहेच.

माणदेशी

काढ्याचं सगळ्यांना कौतुक, पण आजाऱ्याच्या पोटाचं काय? आमच्याकडं हुलग्याचं (कुळथाचं) माडगं, म्हणजे पिठाची पातळ पेज. हुलगं निवडून मंद आचेवर भाजायचं. नुसतं गरम करून भागत नाही. दाणा तडतडायला लागतो, साल तडकते आणि खमंग वास ओसरीपर्यंत येतो, तिथं थांबायचं. कच्चं राहिलं की पिठाला उग्र वास मारतो आणि पोट फुगतं. गार झाल्यावर भरडून, साल पाखडून दळायचं. घट्ट झाकणाच्या डब्यात महिना-दीड महिना राहतं.

दोघांसाठी पोह्याचे चार चमचे पीठ, एक वाटी गार पाण्यात गुठळी मोडेपर्यंत कालवायचं. पातेल्यात चमचाभर तेलावर जिरं आणि सहा-सात ठेचलेल्या लसूण पाकळ्या लाल करायच्या, दोन वाट्या पाणी, मीठ, उकळी. त्यात कालवलेलं पीठ बारीक धारेनं, दुसरा हात पळीवर. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं तर गोळे होतात, ते वरून शिजतात आणि आत पीठ तसंच. आठ-दहा मिनिटं हलवत राहा, तळाला लगेच लागतं. पळीच्या पाठीवर पातळ थर राहिला की झालं. निवलं की घट्ट होतं, म्हणून उतरवताना ताकापेक्षा जरासंच दाट ठेवा.

गोडाचं करायचं तर लसूण-जिरं नाही. गूळ आणि पाव चमचा सुंठ घाला, खाली उतरवल्यावर अर्धी वाटी गरम दूध.

मिरजेची सिस्टर

माडग्याला माझं अनुमोदन. गरम, पातळ, पोटाला हलकं, आणि पाणीही पोटात जातं. नाकाचं आणि घशाचं मी लिहिते, कारण तिथे गोंधळ जास्त.

गुळण्या: एक ग्लास कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ. मान मागे, तीस सेकंद, थुंकायचं. दिवसातून तीन-चार वेळा. जास्त मीठ घातलं की घसा सुकतो आणि आणखी खवखवतो. सहा वर्षांखालच्या मुलांना सहसा जमत नाही, ती गिळतात.

नाक धुणं: बंद नाकाला काढ्यापेक्षा याचा उपयोग जास्त. अर्धा लिटर पाणी पाच मिनिटं उकळून झाकून कोमट होऊ द्या, मग पाऊण चमचा बारीक मीठ. याहून कमी-जास्त झालं की नाकात झोंबतं. नेतीचं भांडं किंवा स्वच्छ बाटली, वाकून मान एका बाजूला, तोंडाने श्वास, वरच्या नाकपुडीतून पाणी, खालच्या नाकपुडीतून बाहेर. नळाचं, बोअरचं, विहिरीचं पाणी न उकळता नाकात घालू नका. क्वचित, पण त्यातून मेंदूपर्यंत पोचणारा अमिबा जाऊ शकतो. उरलेलं पाणी ओतून टाका, भांडं कोरडं करून ठेवा. नंतर नाक शिंकरताना एक नाकपुडी बंद, दुसरी हळूच. दोन्ही दाबून जोर केला की सगळं कानाकडे जातं आणि मग कान ठणकतो.

वाफ: सर्दी लवकर जात नाही, पण नाक थोडा वेळ मोकळं वाटतं. पातेलं गॅसवरून उतरवून दोन मिनिटं थांबा. ते मांडीवर किंवा गादीवर नको, जमिनीवर पसरट टबात ठेवा. चेहरा हातभर वर, पाच ते आठ मिनिटं. पाण्यात बाम घोळायची गरज नाही, डोळ्यांना झोंबतो. मुलांना पातेल्याची वाफ देऊच नका. हिवाळ्यात भाजलेली मुलं येतात, त्यात ही पातेली असतात. न्हाणीघरात बादलीभर गरम पाणी कोपऱ्यात ठेवा, दार लावून मुलाला मांडीवर घेऊन लांब बसा, तेवढं पुरतं.

तासगाव

बाळाला ओवा, कांद्याची साल आणि हळदीची धुरी द्यायची पद्धत आहे. त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.

मिरजेची सिस्टर

मुद्दाम टाळलं होतं ताई. धूर तो धूरच, ओव्याचा असला तरी. बाळाच्या सुजलेल्या श्वासनळ्या आणखी आवळतात. बंद खोलीत शेगडी तर जिवावरची. नाकात तेल-तूपही घालू नका, ते फुप्फुसात उतरून वेगळाच न्युमोनिया होतो. कापूर बाळाच्या आसपास नको, पोटात गेला तर झटके येतात. बाळासाठी सलाइनचे तयार थेंब, दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन. नाक मोकळं असलं की बाळ नीट ओढतं. अंगावरचं दूध थोडं थोडं, जास्त वेळा. आणि चार वर्षांखाली सर्दीची मिश्र सिरपं आपल्या मनाने आणून द्यायची नाहीत.

कराडकर

धुरी नको तर ओव्याची पुरचुंडी करा. दोन चमचे ओवा तव्यावर कोरडाच, वास सुटेपर्यंत. सुती रुमालात बांधून आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची, मग हुंगायची. थंड झाली की पुन्हा तव्यावर, तीनदा-चारदा चालते, मग वास जातो. मोठ्यांसाठी आणि शाळेतल्या मुलांसाठी ठीक, तान्ह्याच्या नाकाशी नको.

डोकं जड झालं तर सुंठेचा लेप. सहाणेवर चार थेंब पाणी, सुंठेचा अख्खा खडा गोल फिरवत उगाळायचा, गंधासारखा दाट येईपर्यंत. विकतची पूड भिजवून तसा येत नाही, रवाळ राहते आणि वाळल्यावर गळते. कपाळावर पातळ थर, भुवयांच्या वरच. दहा मिनिटांत ऊब लागते, पंधराव्या मिनिटाला ओल्या फडक्याने पुसायचा. लावून झोपलं की सकाळी कपाळावर लाल चट्टा ठरलेला.

महाबळेश्वरचा मध

रात्रीच्या कोरड्या खोकल्याला मध. एक ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा चमचा, सहा ते अकराला एक, त्यापुढे दोन, झोपायच्या अर्धा तास आधी. वर पाणी पिऊ नका, घशावर थर बसू द्या. एक वर्षाखाली चाटवायलासुद्धा नाही. मधात एका जंतूची बीजं असू शकतात, ती बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. जन्मल्यावर मध चाटवायची रीत यासाठीच सोडायची.

मध साखरला म्हणजे भेसळ, हे डोक्यातून काढा. थंडीत चांगला मधही साखरतो. बरणी कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर चढवू नका. मधुमेह असेल तर मध काय, गूळ काय, हिशेब साखरेचाच.

विट्याची अळणी

मांसाहारी माणसांची आठवण कुणालाच नाही. गावरान कोंबडी हाडांसकट अर्धा किलो, एक चिरलेला कांदा, एक चमचा आलं-लसूण, अर्धा चमचा हळद, एक चमचा मीठ. दोन चमचे तेलावर पाणी सुटेपर्यंत परतून सव्वा लिटर गरम पाणी. कुकरला बारीक गॅसवर सहा शिट्ट्या, ब्रॉयलर असेल तर दोनच, नाहीतर मांस विरतं आणि रस गढूळ होतो. तिखट-मसाला घालायच्या आधीचं हे पाणी, म्हणजे अळणी. वरचं तेल काढून वाटीभर गरम प्यायचं, लिंबू पिळून. तांबड्या रश्शाने नाक वाहतं खरं, पण सोललेल्या घशाला तो सोसत नाही.

खणआळी

ज्येष्ठमधाचं कुणी सांगेल का? सासूबाई दिवसभर कांडी चघळतात, बीपीची गोळी चालू आहे.

मिरजेची सिस्टर

मग बंदच करा वहिनी. ज्येष्ठमधाने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. गोळी नसलेल्यांनीही पेरभर तुकडा, दोन-चार दिवस, एवढंच.

आणि घरचे उपाय कुठे थांबवायचे तेही लिहून ठेवते. ताप तीन दिवसांवर गेला, सर्दी उतरून पुन्हा उसळली आणि गालफडं दुखायला लागली, कान ठणकला, दम लागला, ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४च्या खाली दिसला, तर दवाखाना. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर वाट बघायचीच नाही. मूल शांत असताना पोटाची हालचाल बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर लगेच निघा. शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागू नका, साध्या सर्दीतही तो रंग येतो. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो.

तासगाव

माणदेशी दादा, हुलगे न भाजता मोड आणून वाळवून दळले तर?

माणदेशी

चालतंय, पण मग पीठ आठवडाभरातच संपवा, ओल राहिली की जाळी धरते. आणि माडगं करताना पाच मिनिटं जास्त शिजवा. चव खमंग नाही लागणार, गोडसर लागेल, म्हणून लसूण दोन पाकळ्या वाढवा.