भारतीय पासपोर्टवर परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी: नेमकी कुठे जमते?

शाईपेन:
बी.ए. (इंग्रजी), बी.एड. झालंय. चार वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. माझी स्वतःची शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. परदेशातल्या जाहिराती बघितल्या तर जिथेतिथे ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’. एक एजंट थायलंडसाठी दीड लाख मागतोय, व्हिसाचं तिथे पोचल्यावर बघू म्हणतो. खरंच कुठे वाव आहे? कागदपत्रांची सुरुवात कुठून करू?

खडूफळा:
‘नेटिव्ह’ म्हणजे बहुतेक ठिकाणी तुमचे उच्चार नव्हे, पासपोर्ट. त्यामुळे जाहिरात नंतर वाचा, आधी त्या देशाचा व्हिसा-नियम वाचा.

दक्षिण कोरियाचा ई-२, म्हणजे परकी भाषा शिकवणाऱ्यांचा व्हिसा मुळात सात देशांसाठी: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. पण १ जानेवारी २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया सेपा या व्यापार-भागीदारी करारामुळे पदवी आणि शिक्षकपात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेता येतं. हागवॉन म्हणजे तिथले खासगी क्लास, त्यांना ही सवलत नाही. नेमक्या जाहिराती मात्र बहुतेक त्यांच्याच असतात. दार आहे, पण अरुंद.

जपानच्या सरकारी शाळांसाठी ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसा लागतो आणि त्यात बारा वर्षं इंग्रजी माध्यमातून शिक्षण झालेलं बघतात. अकरावीपासून बी.एड.पर्यंत मोजलं तरी तुमची सातच भरतात. तिथे वेळ घालवू नका.

व्हिएतनामचा विचार जरूर करा. तिथल्या भाषाकेंद्रांच्या नियमात बिगर-नेटिव्ह शिक्षकाची सोय लिहूनच ठेवली आहे: पदवी, सी-१ पातळीचं भाषा प्रमाणपत्र आणि शिकवण्याचं प्रशिक्षण. सी-१ म्हणजे प्रगत पातळी, आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ७ बँड. निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो, म्हणून हौसेनं आधीच परीक्षा देऊन ठेवू नका. शंभर-दीडशे तासांचे स्वस्त ऑनलाइन टेफल, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचे कोर्स असतात, त्यात खरा वर्ग घ्यावाच लागत नाही. खर्च करायचाच तर सेल्टा या केंब्रिजच्या शिक्षक-प्रशिक्षणावर करा, त्यात किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवताना तपासतात.

मस्कतकर:
तुमच्या बी.एड.ला खरी किंमत आखातात, सीबीएसईच्या भारतीय शाळांत. तिथे नेटिव्हचा प्रश्नच येत नाही. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीपासूनच अर्ज टाका. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्ट-सप्टेंबरला उघडतात, पण तिथे स्पर्धा वेगळी.

अडतं ते कागदांवर. यूएई अपोस्टिल करारात (एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशाचे कागद मान्य करण्याच्या) नाही, म्हणून पदवीवर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग यूएई दूतावासाचं आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र खात्याचं, असे चार टप्पे. ओमान करारात आहे, तिथे अपोस्टिल चालतं. पदवी लॅमिनेट केली असेल तर शिक्का मारता येत नाही, तेव्हा नवी प्रत काढायला विद्यापीठात आजच अर्ज करा.

दुसरी गोची नावाची, आणि ती आपल्याकडच्यांचीच जास्त. पदवीवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, काही विद्यापीठांत आईचंही. पासपोर्टवर मात्र लग्नानंतरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. तिकडच्या कारकुनाच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. विवाह नोंदणीचा दाखला याच साखळीतून प्रमाणित करून सोबत ठेवा. नुसतं प्रतिज्ञापत्र कुठे चालतं, कुठे नाही. पोलिस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याचा दाखला, पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मिळतं, ते शेवटी काढा, कारण बहुतेक ठिकाणी ताजंच मागतात.

अनुस्वार:
त्या एजंटला नमस्कार करा. परवानाधारक भरती एजंटला घेता येणारी कमाल रक्कम ३०,००० रुपये अधिक जीएसटी. दीड लाख मागतो तिथेच कळलं. परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो.

थायलंडमध्ये पर्यटक म्हणून जाऊन नंतर नॉन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा करता येतो, हे अगदीच खोटं नाही. पण त्यासाठी शाळेची कागदपत्रं आधी हवीत, आणि वर्क परमिटशिवाय वर्गात उभं राहणं बेकायदा. शाळेचं नाव न सांगता तिकीट काढायला लावणाऱ्याचं काहीच ऐकू नका. २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली लोकांना म्यानमारमध्ये नेत असल्याची सूचना काढली होती. ते आयटीवाल्यांबद्दल होतं, पण पद्धत हीच.

निवडीच्या वेळी घ्यायला लावतात त्या डेमो तासाबद्दलही सांगतो. आपल्याकडे नियम फळ्यावर लिहून समजावायचा आणि शेवटी ‘समजलं का?’ विचारायचं, ही सवय तिथे लगेच खटकते. त्याऐवजी मुलांकडून उत्तर निघेल असा प्रश्न विचारा. ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इअर्स’ शिकवताना ‘बोलणारी अजून तिथेच राहते का?’ एवढं विचारलं की कोणाला कळलंय, कोणाला नाही ते दिसतं. पंधरा मिनिटांत तुमचं बोलणं पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका.

शाईपेन:
बी.एड.चं प्रोव्हिजनलच आहे हातात. त्यावर अटेस्टेशन, म्हणजे ते प्रमाणीकरण, होईल?

मस्कतकर:
त्यावर विसंबू नका, शाळा मूळ पदवी मागतात. पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अर्ज करा, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका जोडा. अर्जातलं नाव गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळतंय ना ते आधी बघा, नंतरची दुरुस्ती महिनोन्‌महिने रेंगाळते.