एलिट डेंजरस : ग्रहांवरचे गिझर, फ्युमरोल कसे शोधलेत? अनुभव लिहा

मंडळी, परवा दोघा मित्रांशी बोलताना विषय निघाला म्हणून धागा काढतोय. एलिट डेंजरस या अंतराळातल्या व्हिडिओ गेममधे ग्रहावर उतरून गिझर (जमिनीतून उडणारे वाफेचे फवारे), फ्युमरोल (वायू बाहेर पडणारी जमिनीतली भोकं), लाव्हाचे फवारे तुम्ही कसे शोधले, किती वेळ गेला, पहिला सापडला तेव्हा काय वाटलं, सगळं लिहा. लांबलं तरी चालेल.

माझ्यापासून सुरुवात करतो. २०१६ च्या ऑक्टोबरमधे २.२ अपडेट आलं तेव्हाची गोष्ट. ग्रहाच्या माहितीत व्होल्कॅनिझमच्या (ज्वालामुखी हालचालींच्या) पुढे नुसतं 'मेजर सिलिकेट व्हेपर गिझर्स' एवढं दिसायचं, कुठे आहे ते तुम्ही शोधा. म्हणजे हजारभर किलोमीटर त्रिज्येचा गोळा, आणि आपण दोन किलोमीटर उंचीवरून उजेडाच्या बाजूने भेगांच्या कडेकडेने खिडकीतून बघत चाललोय. तीन रात्री काहीच नाही. चौथ्या रात्री एका विवराच्या काठाशी पांढरट रेघ हलताना दिसली, आधी वाटलं डोळे थकलेत, मग खाली आलो तर खरंच गिझर! पहाटेचे साडेतीन वाजले होते, राहवेना म्हणून आईला उठवलं, ती डोळे चोळत बघत बसली आणि म्हणाली, अरे थंडीत वज्रेश्वरीच्या कुंडावर वाफ असते तसंच आहे की हे.

---

मी टोरंटोत असते, गेम घेतला २०१९ मधे, म्हणजे शोधायची पद्धत बदलणाऱ्या ३.३ अपडेटनंतर. त्यामुळे ते डोळ्यांनी शोधणं मला माहीतच नाही, आधी स्कॅनरवर सिग्नल बघायचा, मग जवळ जाऊन प्रोब (छोटी तपासयानं) मारायचे, ग्रह पूर्ण मॅप झाला की जागांची यादीच मिळते. जुने लोक म्हणतात यात मजा नाही. मला पटत नाही. प्रोब गुरुत्वाकर्षणाने वळतो, ग्रहाच्या मागच्या बाजूला नेमका पडेल असा काठावरून सोडायला हात बसावा लागतो, ठरलेल्या संख्येत बसवलं तर बोनस वेगळा. आणि जागा कळली तरी उतरायचं आपल्यालाच. ग्लाइडमधे (ग्रहाकडे वेगाने घसरत उतरताना) यानाचं नाक फार खाली घातलं की ग्लाइड तुटतो आणि मग उरलेलं अंतर रांगत जायचं. माझी पहिली एक संध्याकाळ त्यातच गेली.

---

मी गिझर बघायला नाही, पोलोनियम या धातूसाठी शोधले. २०१९ च्या जानेवारीत डिस्टंट वर्ल्ड्स २ ही खेळाडूंची मोहीम निघाली त्यात होतो, आकाशगंगेच्या कडेला तारे इतके लांब लांब होतात की साध्या उडीत पुढचा तारा येतच नाही. प्रीमियम इंजेक्शन (इंजिनात खास मिश्रण घालणं) केलं की एका उडीची रेंज दुप्पट होते, पण त्याला पोलोनियम, यट्रियम, नायोबियम असलं सगळं लागतं. दगड फोडत हिंडण्यापेक्षा फ्युमरोलच्या आजूबाजूचे स्फटिक एसआरव्हीतून (ग्रहावर फिरायच्या गाडीतून) फोडलेले परवडतात, एका जागी बरंच मिळतं. पण खरं सांगू का, दोनेक तासांनी मी गोळा करायचं थांबवलं आणि नुसता गाडी लावून बसलो, समोर वाफ, वर आकाशगंगेचा पट्टा, हजारो प्रकाशवर्षांत दुसरं माणूस नाही.

---

भूगोल शिकवते त्यामुळे जरा वेगळ्या बाजूने लिहिते. मी आधी गॅस जायंटच्या जवळचे चंद्र तपासते. आपल्या सूर्यमालेत गुरूचा चंद्र आयो तसाच तापतो ना, एकीकडून गुरूची ओढ, दुसरीकडून युरोपा आणि गॅनिमीड हे शेजारचे चंद्र त्याची कक्षा पूर्ण गोल होऊ देत नाहीत, सतत मळल्यासारखा होतो तो आतून. १९७९ मधे व्हॉयेजर १ यानाच्या फोटोंत तिथला फवारा दिसला तेव्हा पृथ्वीबाहेर जिवंत ज्वालामुखी पहिल्यांदा कळला. बर्फाळ चंद्रावरचे वॉटर गिझर बघितले की शनीचा चंद्र एन्सेलॅडस आठवतो, कॅसिनी यानाने २००५ मधे दाखवलेला. एक तक्रार मात्र आहे. आयोवरचा पेले ज्वालामुखीचा फवारा ३०० किलोमीटर उंच जातो, छत्रीसारखा पसरतो, गेममधले फवारे त्यामानाने अगदीच छोटे. एकदा तरी कक्षेतून दिसेल असा फवारा त्यांनी द्यावा असं फार वाटतं. वर्गात मुलांना ते दाखवता आलं असतं, सह्याद्री ज्या लाव्हाचा झाला तो फक्त दगड म्हणून माहीत असतो त्यांना.

---

छोटासा अनुभव. रात्रीच्या बाजूला उतरू नका असं सगळे सांगतात, पण ओडिसी हा ग्रहावर पायी फिरू देणारा विस्तार आल्यावर मी मुद्दाम अंधारात उतरलो आणि गाडी सोडून चालत गेलो. हेल्मेटच्या दिव्यात वाफेचा खांब दिसतो, वरचं टोक अंधारात. एकदा करून बघाच.

---

धागाकर्ते दादा, तो पहिला गिझर अजून आहे का तिथे?

---

बुकमार्क आहे, 'आईचं कुंड' नावाने. २०२१ मधे ओडिसीबरोबर ग्रहांचे भूभाग नव्याने तयार केले, त्यानंतर गेलो तर विवराची ती कड ओळखूच येईना. तासभर फिरलो, पण तो गिझर काही सापडला नाही. बुकमार्क काढलेला नाही.