१ ऑक्टोबर, ज्येष्ठ नागरिक दिन : शाल-श्रीफळाच्या आधी

ए-३०४ : आपल्या सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या सत्काराबद्दल सेक्रेटरींनी या ग्रुपवर मतं मागवलीत म्हणून लिहितेय, थोडं लांबेल. सत्कार कराच. पण आपले आईवडील आपल्या वयाचे होते तेव्हा त्यांनी काय काय निभावलं, ते आधी त्यांच्याच तोंडून ऐकू या. मला हे मनापासून वाटतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात आमचे बाबा. आई लालबागच्या चाळीत खाणावळ चालवायची. जेवायला सगळे कोकणातून एकटे आलेले गिरणीवाले, पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे. पगार थांबले, आईने ताटं थांबवली नाहीत. वाण्याची उधारी स्वतःच्या नावावर घेतली. अशा बायकांची सावकारापासून सुटका व्हावी म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. आईचंही कर्ज होतं, त्याचे हप्ते तिने संपातही भरले.

तिची वही माझ्याकडे आहे. माणसागणिक एक पान, खाडे वेगळे मांडलेले. गावी निघून गेलेल्यांच्या पानांवर येणं लिहिलंय, जमा काहीच नाही. तरी एकाही नावावर काट मारलेली नाही. आज घराचा हप्ता माझ्या डोक्यावर आहे, म्हणून ती पानं मला नीट वाचता येतात.

बी-१०२ : ताई, वाचून गलबललो. माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर. २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. त्यांची बस कुर्ल्याला अडकली होती. पाणी ओसरल्यावर आधी डेपोत पेटी आणि कॅश जमा केली, मग घरी आले. आईने विचारलं, जेवलात का? म्हणाले, हिशेब लागला. आता मीही दोन मुलांचा बाप आहे, त्या दोन शब्दांची किंमत आत्ता कळते.

सी-५०१ : फक्त माईकवर नको. सासूबाईंना कमी ऐकू येतं, चारचौघांत गोंधळतात. घरी जाऊन बसा.

ए-६०२ : आमच्या बाबांना मागचं उकरलेलं आवडत नाही.

ए-३०४ : मग नका विचारू, दादा. आमचे बाबाही संपाबद्दल बोलत नाहीत. पण गिरणीतल्या साच्यावरचा, म्हणजे यंत्रावरचा, तुटलेला धागा कसा सांधायचा, असं विचारलं की दोन बोटांत नसलेला धागा धरून पीळ देऊन दाखवतात. कामाचं विचारा, दुःखाचं नको.

सेक्रेटरी : पटलं. त्याच दिवशी सत्तरी पूर्ण झालेल्यांची आयुष्मान वय वंदना कार्डंही काढू. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. आधार कार्ड आणि मोबाईल जवळ ठेवा.

बी-७०४ आजी : पोरांनो, संध्याकाळी पाचनंतर या, दुपारी आम्ही पडतो. आणि शाल नको, ऑक्टोबरात उकाडा असतो.

सेक्रेटरी : आजी, शाल रद्द. कोण कुणाकडे जाणार ते रविवारपर्यंत इथेच लिहा. सी विंगमधल्या दोन घरी मुलं परदेशात आहेत, तिथे कोण जाईल?

बी-१०२ : दोन्हीकडे मी जातो.